मसुदा क्रमांक सात

सातारा कोर्टाच्या फाटकातून आत आलं
की डावीकडचं तिसरं टेबल माझं.
वर ताडपत्री, खाली आण्णांची खुर्ची,
मान वर केली की अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर.

आण्णांनी मला इंग्रजी शिकवलं नाही,
इंग्रजीचा आवाज शिकवला.
व्हेअरअ‍ॅज आला की नवा परिच्छेद.
प्रत्येक माणसाआधी सेड लावायचं,
म्हणजे तो मघाचाच माणूस, मध्ये दुसरा घुसलेला नाही.
हिअरइनआफ्टर एका दमात, जागा न सोडता.
अर्थ? अर्थ साहेब बघतात.
आपण पान भरायचं.

मला ते परकं कधी वाटलं नाही.
आपलं सदरहू, आपलं मजकूर, आपलं सबब,
लिहून देणार, लिहून घेणार,
तेही असेच खाकरून बोलतात,
फक्त फेटा बांधून.

सोमवारी एक मुलगी आली, रहिमतपूरची.
नर्सिंग झालेलं, आयर्लंडला निघालेली,
तिकडच्या कागदाला इंग्रजीच लागतं.
दाखल्यावर, आधारवर, सगळ्या मार्कलिस्टांवर
नकुसा बाजीराव फडतरे.
मी काही विचारलं नाही.
तीच म्हणाली, "चौथी."

मी मसुदा क्रमांक सात उघडला.
कुणी जुना दिलीप होता तिथं,
त्याला काढून तिला बसवलं.
ही-चं शी करायचं राहतं नेहमी दोन ठिकाणी,
ते आठवणीनं केलं.
प्रिंट दिली. म्हटलं, सही इथं.

ती वाचायला लागली.
लोक वाचत नाहीत हो.
ओळीखाली बोट ठेवून वाचत गेली, आणि बोट थांबलं:
डू हिअरबाय रिनाउन्स, रिलिंक्विश अँड अबँडन.

"रिनाउन्स?"
त्याग करते.
"रिलिंक्विश?"
सोडून देते.
"अबँडन?"
तेच, म्हटलं. टाकते.
"मग तीनदा कशाला?"

मी आण्णांचं उत्तर दिलं:
एका शब्दातून माणूस निसटला तर पुढच्यात अडकावा.
अर्थ नाहीत ते, कुलुपं आहेत.

"ठेवलं तर एकदाच होतं," ती म्हणाली.
"मसुदा नाही, स्टँप नाही.
आत्यानं कानातसुद्धा नाही, मोठ्यानंच सांगितलं असणार,
नि सगळी जेवायला बसली असणार."

मग जरा वेळानं,
"पण मी हे टाकत नाहीये काका.
याच नावावर रात्रपाळ्या केल्यात.
वॉर्डातनं हाक यायची, नकुसा सिस्टर, सलाईन संपलं."

तर दुसरा एक मसुदा आहे, मी म्हटलं, क्रमांक नऊ.
दोन्ही नावं वन अँड द सेम पर्सन.
एकच आणि तीच व्यक्ती.
ती हसली. "हे खरंय."
खरं आहे, पण त्यांना सात लागतो.

नवं नाव तिनं स्वतःच शोधलेलं. निशिगंधा.
म्हटलं, हेच का?
"एप्रनवर दोऱ्यानं एन भरलाय, तो कोण उसवणार."

सातच्या तळाशी दोन सह्या असतात,
एक आताच्या नावाची, एक आधीच्या.
निशिगंधा तिनं जपून काढलं,
ग वर टिंब द्यायचं राहिलं,
पेन उचलून परत आली, दिलं.
नकुसा मात्र एका झटक्यात,
खाली वळसा, वळशाखाली दोन ठिपके,
वीस वर्षं बसलेला हात.

पैसे देऊन ती गेली. पुढचा माणूस उभाच होता,
हातात वारसाचा कागद.
फाईल बंद करताना संगणकानं विचारलं,
बदल जतन करायचे का?
मी नको म्हटलं, नेहमीसारखं.
उद्या कुणी आलं
की तिथं परत दिलीपच असेल.